पाण्याचा आंकडा आणि त्याचा भरंवसा

सोलापूर शहराचें पाणी एकाच ठिकाणाहून येत नाहीं. उजनी धरणाहून नळानें येणारें, भीमेच्या पात्रांतून वाहत येऊन टाकळीस उपसलेलें, आणि हिप्परग्याच्या एकरूख तलावाचें, असे त्याचे तीन उद्भव आहेत. एका बाटलीच्या तपासणीवरून "शहराचें पाणी शुद्ध आहे" असें म्हणणें म्हणजे शितावरून भाताची परीक्षा होय. पण येथें पातेलीं तीन आहेत!

भारतीय मानक १०५०० अन्वयें पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यांत ई. कोलाय जंतु मुळींच आढळतां कामा नयेत. नियम सरळ आहे, परीक्षा सरळ नाहीं. नमुन्याच्या निर्जंतुक बाटलींत आधीं थोडें सोडियम थायोसल्फेट असावें लागतें. तें राहिलें तर पाण्यांतला क्लोरीन वाटेंतही जंतु मारीत राहतो, आणि दूषित पाणी प्रयोगशाळेंत निर्दोष ठरतें. बाटली बर्फांत ठेवून २४ तासांच्या आंत तपासावी लागते. सोलापूरच्या वैशाखांत यांत हयगय झाली, तर आंकडा पाण्याविषयीं न बोलतां प्रवासाविषयीं बोलतो.

सर्व कांहीं यथासांग झालें तरी अनिश्चितता उरतेच. नदीच्या पाण्यांतील जंतूंची "संभाव्यतम संख्या" परीक्षानळ्यांच्या पद्धतीनें काढतात. ती २३ आली, तर खरी संख्या तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी किंवा तिप्पटही असूं शकते. काल २३ व आज ४० आले, एवढ्यावरून नदी बिघडली असें म्हणणें घाईचें होईल.

वेळेचीही गोष्ट तशीच. पंढरपुरास आषाढी एकादशीच्या दिवशीं घेतलेला नमुना आणि महिन्यानंतरचा नमुना यांची तुलना तारखेवांचून व्यर्थ आहे. जेथें नळ कांहीं दिवसांच्या अंतरानें येतो, तेथें पहिल्या धारेचें पाणी आणि अर्ध्या तासानंतरचें पाणीही एक नसतें.

यास्तव जाणते परीक्षक एकाच पाण्याच्या दोन बाटल्या भरतात, व शुद्ध पाण्याची तिसरी बाटली सोबत नेऊन परत आणतात. दोन जुळल्या नाहींत, किंवा तिसरींत दोष निघाला, तर चूक पाण्याची नसून हाताची आहे हें कळतें.

नागरिकांनीं अहवालांत चार गोष्टी पाहाव्या : नमुना कोठला, केव्हांचा, कोणत्या पद्धतीनें तपासला, आणि चुकीस वाव किती. मात्र अनिश्चितता ही निष्काळजीपणाची सबब नव्हे. घरांत तान्हें मूल असेल तेथें संशयाचा फायदा पाण्याला देऊं नये. तें उकळूनच प्यावें.