खिशातील यंत्राचे अपरिचित गुण



स्मार्टफोन घरोघर झाला. पण आपण त्याला चारच कामे सांगतो, आणि आम्हीही त्यातलेच. गेल्या पावसाळ्यात आमचे एक वृद्ध स्नेही सकाळी फिरताना घेरी येऊन पडले. लोक धावले, खिशातला फोन काढला; पण त्याला कुलूप! घरी कळायला दोन तास गेले आणि मधुमेहाची गोष्ट डॉक्टरांना त्यानंतर समजली.

वास्तविक, कुलूप न उघडताही 'इमर्जन्सी' या शब्दावर बोट ठेवले की रक्तगट, औषधे आणि घरच्यांचे क्रमांक परक्यालाही दिसू शकतात. मात्र ते आधी भरून ठेवावे लागतात. आयफोनमध्ये 'हेल्थ'मधील 'मेडिकल आयडी'त ते भरावेत आणि कुलूप असताना दाखविण्याची परवानगी द्यावी. बहुतेक अँड्रॉइड फोनांत 'सेटिंग्ज'मधील 'सेफ्टी अँड इमर्जन्सी'त. पाच मिनिटांचे काम! आम्ही ते स्नेही पडल्यावर केले, हे सांगताना संकोच वाटतो.

औषधाच्या वेष्टनावरील बारीक अक्षरांसाठी भिंग शोधू नये. कॅमेरा ती मोठी करून दाखवितो. टंकनाचा कंटाळा असेल तर कळफलकावरील माइकच्या चिन्हावर बोट ठेवून मराठीत बोलावे. गूगलने ही सोय मराठीला २०१७ साली दिली. धाडण्यापूर्वी मजकूर एकदा वाचावा, हे बरे. आमच्या 'काकूं'ची त्याने एकदा 'काकडी' केली होती!

स्नेह्यांनी आता सारी माहिती भरली आहे. रक्तगट तेवढा घरात कोणालाच आठवेना. तो तपासायला ते उद्या जाणार आहेत.