हिवरखेडच्या अंगणात पिवळी रेन लिली

युरोपात बर्फ वितळला की क्रोकसची सोनेरी फुलं जमिनीतून डोकं वर काढतात. त्यांच्या कंदांना आधी कित्येक आठवड्यांची कडाक्याची थंडी लागते. अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी हिवरखेडला क्रोकस मागवणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

तशीच बुटकी, पिवळीधमक फुलं देते ती मूळची मेक्सिकोकडची पिवळी रेन लिली.

कंद घेताना बोटांनी दाबून पाहावा. टणक, कोरडा, वजनदार असेल तोच घ्यावा. मऊ पडलेला किंवा बुरशी धरलेला परत करावा. मोठा कंद लवकर फुलतो. वऱ्हाडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि त्यात कंद कुजतो, म्हणून रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळून वाफा उंच करावा. मृगाआधी चार-पाच सेंटिमीटर खोल लागवड करावी. जोराच्या पावसानंतर काही दिवसांत वीतभर दांड्यांवर एकेक फूल उमलतं. ते एक-दोन दिवसच टिकतं, पण पावसाळाभर नवी येत राहतात.

हा कंद दिसतो छोट्या कांद्यासारखा, पण विषारी असतो. लेकरांच्या हाती आणि शेळ्यांच्या तोंडी तो लागू देऊ नका.