मर्यादेखाली सही कुणाची?



मुळामुठेच्या काठी वसलेल्या या पुण्यनगरीत स्वागतमंडळाच्या वतीने मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. स्वागताध्यक्षाचे काम निवास, भोजन आणि मंडप यांची तजवीज करण्याचे. तत्त्वचर्चेचा अधिकार अध्यक्षांचा. तथापि 'विचारस्वातंत्र्याला मर्यादा असावी काय?' या प्रश्नाची दोन अगदी भिन्न उत्तरे या गावाने एकाच पुरुषाच्या आयुष्यात पाहिलेली असल्यामुळे, यजमान या नात्याने त्यांचे स्मरण करून देणे मला प्राप्त आहे.

कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविरुद्ध 'केसरी' व 'मराठा' या वृत्तपत्रांत आलेला मजकूर ज्या पत्रांच्या आधारे लिहिला होता ती पत्रे बनावट ठरली, आणि 1882 साली अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा होऊन टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. ती शिक्षा कठोर होती असे कोणी म्हणेल. परंतु तेथे फिर्यादी होता, आरोप होता, बचावाची संधी होती आणि निकालाखाली न्यायाधीशाची सही होती. पुढे त्याच आगरकरांनी केशवपन, बालविवाह आणि रूढींचे अंधानुकरण यांवर लेखणी उगारली, तेव्हा याच शहरात त्यांच्या हयातीत त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. त्या यात्रेला ना फिर्याद होती, ना जबानी, ना निकाल. आणि तिच्या मागे असणाऱ्यांपैकी कोणी कोठल्या कागदावर सही केली नव्हती.

खोट्या कागदाने दुसऱ्याच्या अब्रूस धक्का लागला, तर लिहिणाऱ्याला जबाबदारी टाळता येणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु विधवेचे केस कापणे अन्याय्य आहे, या म्हणण्याने ज्यांचे मन दुखावते, त्यांना लेखाला लेखाने उत्तर देण्याची मोकळीक आहे. लेखकाची तिरडी बांधण्याची नाही. आपल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात 1951 च्या पहिल्या दुरुस्तीने निर्बंधांची कारणे वाढविली खरी, पण त्याच दुरुस्तीने त्या निर्बंधांमागे 'वाजवी' हे विशेषणही लावले. एरवी भाजीच्या भावाला लावला जाणारा हा साधा शब्द तेथे पहारेकऱ्यासारखा उभा आहे, कारण निर्बंध वाजवी की गैरवाजवी, याचा निवाडा निर्बंध घालणाराच्या मर्जीवर न राहता न्यायालयात होऊ शकतो. जमावाने घातलेल्या मर्यादेवर मात्र अपील कोठे करावयाचे?

आगरकर 1895 मध्ये चाळिशीही न गाठता गेले. प्रेतयात्रा पाहूनही त्यांनी आपले 'सुधारक' हे वृत्तपत्र बंद केले नव्हते. त्यांच्या या गावात, या मंडपात, कोणत्याही मताला मज्जाव नाही आणि कोणत्याही मतावर हरकत घेण्यासही नाही. हरकत घेणाराने उभे राहून, आपले नाव व कारण सांगून ती घ्यावी, एवढीच यजमानांची अट आहे. आमच्या व्यवस्थेतील उणिवांविषयी अशी हरकत आल्यास तिचा पहिला धनी मी आहे.