जामकाठचे कसब आणि त्याचे शब्द



जाम नदीचा काठ वर्तमानपत्रांत येतो तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीपुरता. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून निघालेली ही नदी लोधीखेड्यावरून पुढे कन्हानला मिळते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गॅझेटिअरांनी लोधीखेड्याची नोंद घेतली ती तिथल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आणि कापडासाठी.

कोष्टी, रंगारी, तांबट या काठाला का राहिले? काळ्या जमिनीचा कापूस होता, नागपूरची बाजारपेठ जवळ होती आणि पाणी होते. सुताला खळ द्यायची, आलीच्या मुळाचा तांबडा रंग चढवून कापड धुवायचे, तापवलेले पितळ विझवायचे. पाण्यावाचून यातले काहीच होत नाही.

१८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. अशा गिरण्यांनी घरची सूतकताई मोडली, पण माग लगेच थांबले नाहीत. कोष्ट्यांनी गिरणीचेच सूत घेतले आणि काठाची लुगडी विणली. आलीचा रंग मात्र विलायती रंगांपुढे टिकला नाही. पुढे पितळेची जागा जर्मन आणि स्टीलने घेतली.

भाषेच्या दृष्टीने मोठी घटना १ नोव्हेंबर १९५६ची. नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. बाजार मराठी उरला, शाळा हिंदी झाली. आज सौंसरजवळ बोरगावला औद्योगिक क्षेत्र आहे, रेमंडची गिरणी आहे. या कारखान्यांनी पोटाला काम दिले, हे मी मनापासून मान्य करतो. पण तिथे कामाचे शब्द वरून छापून येतात. जुन्या कसबाचे शब्द कामातूनच जन्मले होते: धोटा, फणी, कांडी, ऐरण, गुंड, गंज, गडवा.

माझे विद्यार्थी 'पितळ उघडं पडलं' असे सहज म्हणतात. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कसे कळकते, हे विचारले की वर्ग गप्प होतो. वाक्प्रचार जिवंत आहे. त्याच्या पोटातला अनुभव आजीबरोबर जातो आहे. शब्दकोशात अर्थ सापडेल, पण खळ किती दाट हवी हे मागावर बसलेला माणूसच सांगेल.

२०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याचा इतिहास आता लिहिला जाईल. तो केवळ कार्यालयांच्या कागदांवरून लिहिला गेला, तर त्यात मागाचा खड्डा आणि तांबटाची भट्टी येणार नाही. म्हणून विद्यार्थ्यांना माझे एकच सांगणे आहे. या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या आळीतल्या एका वृद्ध कारागिराकडे जा. नुसते शब्द विचारू नका, काम विचारा. शब्द आपोआप येतील. ते त्यांच्याच उच्चारात लिहा, पुस्तकी करू नका. शिक्षकांनी त्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नयेत.

या काठाने शेकडो घरांना भांडी आणि लुगडी दिली. त्यांची नावे तरी आपण पुढे देऊ.