मॉस्को ते बीजिंग, रुळांवरून

मॉस्कोहून मंगोलियामार्गे बीजिंगला जाणारी रेल्वेवाट साडेसात हजार किलोमीटरांहून लांब आहे. वाटेत येकातेरिनबर्ग, इर्कुत्स्क ही जुनी शहरं लागतात. पण या प्रवासाचं खरं वैभव म्हणजे बैकल सरोवर! १,६४२ मीटर खोल, जगातलं सर्वांत खोल. गाडी कित्येक तास त्याच्या काठाने धावते, तेव्हा प्रत्येकाला खिडकी मिळायलाच हवी. पुढे गोबीचं वाळवंट. चीनच्या हद्दीत एरेनहोटला डबे उचलून खालचे चाकांचे सांगाडे बदलतात. कारण मंगोलियात रुळांमधलं अंतर १,५२० मिलिमीटर, तर चीनमध्ये १,४३५. डब्यात उकळतं पाणी मिळतं, चहापूड सोबत ठेवा. आणि निघण्यापूर्वी गाड्यांची, व्हिसाची ताजी चौकशी जरूर करा.