पहिल्या वर्षाची पारख



वसंतातील या ज्ञानसत्रात इतिहास यावा, अर्थकारण यावे, एखादा साहित्याचा विषय यावा, हे आपण समजू शकतो. पण अमेरिकेतील धंदेवाईक फुटबॉलचे येथे काय काम, अशी शंका आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आली असेल. शंका रास्त आहे. तिचे उत्तर असे की, आजचा विषय वरवर खेळाचा दिसला तरी मुळात तो माणसाच्या पारखीचा आहे. बावीस वर्षांचा एक तरुण एका जागी चमकला. त्याहून कठीण जागी तो टिकेल काय? हा प्रश्न शिक्षकाला पडतो, कारखानदाराला पडतो, मुलीसाठी स्थळ पाहणाऱ्या बापालाही पडतो. परंतु आपण केलेल्या पारखीचा हिशेब कोणी ठेवीत नाही. अमेरिकेत मात्र एक पारख अशी आहे की, ती भर सभेत होते, तिच्यावर कोट्यवधी डॉलर लागतात, आणि ती खरी ठरली की खोटी याचा जमाखर्च चार-पाच वर्षांत सर्वांसमोर मांडला जातो. क्वार्टरबॅक या खेळाडूची निवड ती हीच.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकन लोक सॉकर म्हणतात. त्यांच्या फुटबॉलचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. आणि पायापेक्षा हाताचेच काम त्यात अधिक. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, मैदान शंभर यार्डांचे. ज्या पक्षाकडे चेंडू, त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे. सरकला तर आणखी चार प्रयत्न. न सरकला तर चेंडू गेला. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू ज्याच्या हाती येतो तो क्वार्टरबॅक. बेत आधी ठरलेला असतो. पण समोरच्या पक्षाची मांडणी पाहून तो ऐनवेळी बदलण्याची जबाबदारीही बहुधा त्याच्यावरच असते. चेंडू हाती आल्यावर त्याला वेळ मिळतो अडीच-तीन सेकंदांचा. तेवढ्यात शंभर-सव्वाशे किलोचे गडी त्याला लोळवावयास धावून येतात, आणि तेवढ्यातच त्याने चार-पाच सोबत्यांपैकी कोण मोकळा आहे, किंबहुना पुढच्या क्षणी कोण मोकळा होणार आहे, हे ओळखून चेंडू फेकावयाचा. फेक बरोबर गेली तर वाहवा. प्रतिपक्षाने झेलली तर डाव उलटा.

असे खेळाडू धंदेवाईक संघांना मिळतात ते महाविद्यालयांतून. पूर्वी ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे चांगला गडी, असा मामला होता. १९३५ साली फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांनी सुचविले की, वर्षाअखेर जो संघ सर्वांत खाली त्याने पहिली निवड करावी आणि विजेत्याने शेवटची. १९३६ पासून ही प्रथा सुरू झाली. तिला ड्राफ्ट म्हणतात. आज ३२ संघ सात फेऱ्यांत निवड करतात. गंमत अशी की, पहिल्याच ड्राफ्टमध्ये सर्वांआधी निवडलेला जे बर्वँगर हा गडी धंदेवाईक सामना एकही खेळला नाही! या पद्धतीचे भाकीत पहिल्याच नावाला चुकले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता मुख्य उदाहरणाकडे वळू. १९९८ साली दोन क्वार्टरबॅक पहिल्या दोन जागांसाठी पुढे होते: पेटन मॅनिंग आणि रायन लीफ. दोघांपैकी श्रेष्ठ कोण यावर जाणत्यांत वाद होता. लीफचा हात अधिक जोरदार आहे, पुढे तोच वर जाईल, असे म्हणणारे काही कमी नव्हते. इंडियानापोलिसने मॅनिंगला घेतले. दुसरी पाळी मिळविण्यासाठी सॅन डिएगोने आपले भावी हक्क आणि खेळाडू देऊन लीफला घेतले. पहिल्या वर्षाचे आकडे पाहा. लीफने गोल करून देणाऱ्या, म्हणजे टचडाउनच्या, फेकी केल्या २ आणि प्रतिपक्षाच्या हाती दिल्या १५. हे वाईटच. पण मॅनिंगने प्रतिपक्षाच्या हाती किती दिल्या? २८! नवागताच्या वर्षातील तो उच्चांक ठरला, आणि त्याचा संघ सोळांपैकी तेरा सामने हरला. केवळ पराभव आणि चुका मोजणाऱ्या माणसाने त्या डिसेंबरात दोघांनाही नापास केले असते. पुढच्या वर्षी मॅनिंगच्या संघाने तेरा सामने जिंकले. पुढे तो पाच वेळा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि दोन वेगळ्या संघांबरोबर अजिंक्यपद मिळवून २०१६ साली निवृत्त झाला. लीफला चार मोसमांत फक्त २१ सामने आरंभापासून खेळावयास मिळाले. त्यांपैकी जिंकले ४.

मग मॅनिंगच्या त्या वाईट वर्षात चांगली खूण काही नव्हतीच काय? होती. त्याच्या फेकींत २६ टचडाउनच्याही होत्या. दुसरे असे की, त्याने ५७५ फेकी केल्या आणि चेंडू हातात असताना तो लोळविला गेला फक्त २२ वेळा. याचा अर्थ, निर्णय चुकत होता पण निर्णय वेळेवर होत होता. अनुभवाने निर्णय सुधारता येतो; गोंधळून उभे राहण्याची खोड मात्र सहसा सुटत नाही. पुष्कळ अभ्यासकांचे मत असे की, प्रतिपक्षाच्या हाती जाणाऱ्या फेकींची संख्या वर्षावर्षाला बरीच खालीवर होते, पण लोळविले जाण्याचे प्रमाण त्या मानाने माणसाला चिकटून राहते. म्हणजे चूक मोजावयाची ती नुसती संख्येने मोजून भागत नाही. ती कोणत्या जातीची आहे हेही पाहावे लागते.

परीक्षा घेण्यात ही मंडळी कसूर करीत नाहीत. दरवर्षी इंडियानापोलिसला उमेदवारांना बोलावून त्यांची उंची, वजन, हाताचा पंजा, उडी, चाळीस यार्डांची धाव, सारे मोजले जाते. बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची बुद्धिचाचणीही वर्षानुवर्षे होत असे. ती २०२२ मध्ये बंद झाली. याच मोजमापाने टॉम ब्रेडी या तरुणाला चाळीस यार्ड धावावयास ५.२८ सेकंद लागतात, असे सांगितले. आकडा अगदी खरा होता. २००० सालच्या ड्राफ्टमध्ये सहा क्वार्टरबॅक त्याच्याआधी गेले आणि तो सहाव्या फेरीत, १९९ वा निवडला गेला. पहिल्या वर्षी त्याने सबंध मोसमात तीन फेकी केल्या. दुसऱ्या वर्षी संघाचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून ब्रेडी मैदानात उतरला, आणि पुढे त्याने सात अजिंक्यपदे मिळविली. मोजणाऱ्यांनी मोजण्यात चूक केली नव्हती. धावण्याचा वेग मोजता येतो म्हणून तो मोजला. अडीच सेकंदांत पाहण्याची शक्ती मोजता येत नव्हती, म्हणून ती हिशेबातून गळाली.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. मॅनिंग आणि ब्रेडी यांच्या गोष्टी ऐकून आपण म्हणू लागतो, धीर धरा, प्रत्येक अपयशी तरुणात एक मॅनिंग दडलेला आहे. ते खरे नाही. पहिल्या वर्षी चाचपडले आणि पुढेही चाचपडतच राहिले, अशांची नावे आपल्याला आठवत नाहीत म्हणून तसे वाटते. सहाव्या फेरीत निवडलेले बहुतेक क्वार्टरबॅक विस्मरणातच गेले. उलट पहिले वर्ष चमकदार गेले म्हणजे पुढचे हमखास, असेही नाही. २०१२ साली रॉबर्ट ग्रिफिनला घेण्यासाठी वॉशिंग्टनने पहिल्या फेरीचे तीन व दुसऱ्या फेरीचा एक हक्क मोजला. तो वर्षाचा सर्वोत्तम नवागत ठरला. जानेवारी २०१३ मध्ये गुडघा दुखावला, आणि तो पहिला ग्रिफिन पुन्हा दिसला नाही. त्याच ड्राफ्टच्या चौथ्या फेरीत त्याच संघाने घेतलेला कर्क कझिन्स पुढे त्याच्या जागी उभा राहिला.

मग तरुण घडतो तो कशाने? माझ्या मते या प्रश्नाचे निम्मे उत्तर तरुणात नसून त्याच्या भोवतालात असते. डेव्हिड कार हा २००२ सालचा पहिला मानकरी. तो गेला ह्यूस्टनच्या अगदी नव्या संघात, आणि पहिल्याच वर्षी ७६ वेळा लोळविला गेला; हा विक्रम कोणाला हवासा वाटेल? दोष त्याच्या रक्षकांचा किती आणि त्याचा स्वतःचा किती, हा वाद राहील. पण अशा आगीत सोने तपासले जात नाही, जळूनच जाते. स्टीव्ह यंग टँपा बे संघासाठी १९ सामने आरंभापासून खेळला आणि त्यांतले ३ जिंकला. १९८७ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोत आला, जो मोंटॅनाच्या मागे काही वर्षे थांबला, आणि मग दोन वेळा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. माणूस तोच, जागा आणि शिकविणारे बदलले.

या दृष्टीने २०१८ सालची जोडी मला फार बोलकी वाटते. त्या वर्षी बफेलोने जॉश ॲलन सातव्या क्रमांकावर घेतला आणि ॲरिझोनाने जॉश रोझेन दहाव्या. पहिल्या वर्षी ॲलनच्या शंभरातील ५३ फेकी बरोबर गेल्या, रोझेनच्या ५५. ॲलनच्या टचडाउनच्या फेकी १०, प्रतिपक्षाच्या हाती १२. रोझेनच्या ११ आणि १४. फेकीपुरते पाहिले तर दोघांत निवड करणे कठीण. ॲलन धावण्यात पुष्कळ सरस होता, हे मात्र सांगितले पाहिजे. ॲरिझोनाने मोसमाच्या मध्येच डावपेचांचा शिक्षक काढला, मोसम संपताच मुख्य प्रशिक्षक काढला, आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये नवा क्वार्टरबॅक घेऊन रोझेनला मायामीला देऊन टाकले. बफेलोने प्रशिक्षक तेच ठेवले, ॲलनच्या फेकीची ढब दुरुस्त करविली आणि २०२० मध्ये त्याला स्टीफन डिग्ज हा उत्तम झेल घेणारा आणून दिला. त्या वर्षी त्याच्या शंभरातील ६९ फेकी बरोबर गेल्या. २०२४ च्या मोसमाचा तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. रोझेन संघामागून संघ बदलीत राहिला. बफेलोत गेला असता तर रोझेनचाही ॲलन झाला असता, असा माझा दावा नाही. तो सिद्ध करता येणार नाही. पण एकाची परीक्षा पुरी झाली आणि दुसऱ्याची अर्ध्यावर पेपर काढून घेऊन झाली, एवढे तर दिसतेच.

यात पैशाचाही भाग आहे. २०१० सालचा पहिला मानकरी सॅम ब्रॅडफर्ड याला सहा वर्षांचा करार मिळाला, त्यात पाच कोटी डॉलर हमखास होते. २०११ च्या नव्या समझोत्याने नवागतांचे वेतन बांधले गेले, आणि त्या वर्षीच्या पहिल्या मानकऱ्याला चार वर्षांचे सुमारे दोन कोटी वीस लाख मिळाले. तरुण स्वस्त झाला. त्याचा परिणाम दुहेरी आहे. त्याच्याभोवती चांगले गडी जमविण्यास पैसा उरला, हा फायदा. आणि त्याला टाकून देणेही स्वस्त झाले, हा तोटा.

केड मॅसी आणि पुढे २०१७ चे नोबेल मिळविणारे रिचर्ड थेलर या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी या निवडींचा हिशेब केला. एकाच जागेवर खेळणारे, लागोपाठ निवडले गेलेले दोन गडी घ्या. आधी निवडलेला पुढे सरस ठरण्याची शक्यता त्यांना शंभरात ५२ आढळली. नाणे उडविले तर पन्नास येतात! या साऱ्या दुर्बिणी, घड्याळे आणि तज्ज्ञ यांची त्यावर मिळकत दोन. त्यांचा निष्कर्ष असा नव्हे की पारख करूच नये. संघ आपल्या पारखीवर वाजवीपेक्षा अधिक विश्वास ठेवतात आणि म्हणून पहिल्या निवडींसाठी वाजवीपेक्षा अधिक किंमत मोजतात, असा आहे.

तेव्हा या साऱ्यातून घ्यावयाचे काय? मला तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पहिली, नवागताचा निकाल नुसत्या जयापजयावरून लावू नये. त्याची चूक शिकण्यातली आहे की स्वभावातली, आणि ऑक्टोबरातली चूक डिसेंबरात पुन्हा होते काय, हे पाहावे. दुसरी, त्याला कोणाच्या हाताखाली, कोणत्या सोबत्यांत ठेवले याचा जाब आधी स्वतःला विचारावा. तिसरी, आपली पारख चुकू शकते हे धरून चालावे, आणि एका नावावर सारी पुंजी लावू नये.

खेळाडूच्या बाबतीत पारख चुकली तर एका क्लबाचे पैसे बुडतात. ते पुन्हा उभे राहतात. पण बाविसाव्या वर्षी ज्याच्या कपाळावर नालायकीचा शिक्का बसतो त्याचे ते वर्ष परत येत नाही. आपल्या हाताखालीही नवी माणसे येतात. त्यांचा पहिला वर्षअखेरचा अहवाल लिहावयास बसू तेव्हा, त्या अहवालात अर्धी ओळ आपल्या स्वतःविषयीही आहे, एवढे ध्यानात ठेवावे.