पन्ना येथील हिरे आणि पट्ट्याचा कागद

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्याची बातमी वृत्तपत्रांत येते ती बहुधा एकाच प्रकारची असते : अमुक मजुराला हिरा सापडला आणि त्याचे दैव उघडले. 2018 साली एका गरीब खाणकऱ्याच्या हाती 42.59 कॅरेटचा हिरा लागला, लिलावात त्याला अडीच कोटींहून अधिक किंमत आली, हे वृत्त देशभर छापले गेले. त्याच मातीत वर्षानुवर्षे खोदून रिकाम्या हाताने घरी परतणाऱ्यांचे वृत्त कोण छापणार? लॉटरीचा दुकानदारदेखील जिंकणाऱ्याचेच छायाचित्र दर्शनी भागात लावतो. मला आज त्या छायाचित्राबाहेरच्या माणसांविषयी बोलावयाचे आहे.

तेथील व्यवस्था प्रथम समजून घेऊ. उथळ खाणीसाठी सरकार 8 मीटर लांब व 8 मीटर रुंद एवढ्या तुकड्याचा पट्टा देते. शुल्क अल्प; दीर्घकाळ ते वर्षाला सुमारे 200 रुपयेच होते. त्या चौकोनात कुदळ-फावड्याने वरची माती उपसून खालच्या खडीच्या थरापर्यंत पोहोचावे लागते. या थराला तेथे ‘चाल’ म्हणतात. चाल वर काढावयाची, पाण्यात धुवावयाची, उन्हात वाळवावयाची आणि मग कुटुंबच्या कुटुंब बसून हातांनी खडा न् खडा निवडावयाचा. पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरतो आणि कित्येकदा केलेले काम फुकट जाते. हिरा निघालाच तर तो पन्ना येथील सरकारी हिरा कार्यालयात जमा करणे बंधनकारक आहे. तेथे पारखी वजन व प्रत ठरवितो आणि हिरा लिलावाची वाट पाहत पडून राहतो. तो विकला गेला तर 11.5 टक्के स्वामित्वधन व कर कापून उरलेली रक्कम पट्टेदाराला मिळते. योग्य बोली आली नाही तर पुढच्या लिलावापर्यंत थांबावयाचे.

ही रचना सर्वस्वी वाईट आहे असे मी म्हणणार नाही. एकटा मजूर सुरत-मुंबईच्या व्यापाऱ्यासमोर उभा राहिला तर हिरा काचेच्या भावाने गमावून बसेल. सरकारी काटा आणि जाहीर बोली हे त्याचे संरक्षणच आहे. परंतु हिरा जमा केला त्या दिवशी त्याच्या हाती पावती पडते, पैसा पडत नाही. आणि सावकार पावतीवर थांबत नाही. म्हणून हिरा चोरवाटेने विकला जातो. अधिकारी याला मजुराचा अप्रामाणिकपणा म्हणतात. वस्तुतः ज्याच्या घरात उद्याचे धान्य नाही त्याने लिलावाच्या तारखेपर्यंत धीर धरावा, ही अपेक्षाच पोट भरलेल्या माणसाची आहे.

याहून मोठा प्रश्न पट्टा कोणाच्या नावावर, हा आहे. पंप, डिझेल आणि खोदणाऱ्यांच्या जेवणाचा खर्च करणारा एक असतो, हिश्श्यावर किंवा रोजावर खोदणारे दुसरे असतात. शेत खाजगी असेल तर जमीनमालकाचाही वाटा निघतो. कायद्याला पट्टेदार दिसतो. खड्ड्यात उतरलेला माणूस दिसत नाही. कड ढासळून तो दबला तर त्याचे नाव कोणत्याही कागदावर सापडत नाही.

जंगलाची गोष्ट निराळी. 1980 चा वनसंरक्षण कायदा, 1981 चे राष्ट्रीय उद्यान, 1994 चा व्याघ्रप्रकल्प यांमुळे कायदेशीर खोदकामाची जागा आकसत गेली. जंगल राखलेच पाहिजे, याविषयी आपले दुमत नाही. पण तेथे कुदळ घेऊन शिरलेला गोंड आदिवासी गुन्हेगार ठरतो, आणि शेजारच्याच छतरपूर जिल्ह्यात बक्सवाहा येथे 364 हेक्टर वनजमिनीतला हिऱ्याचा साठा 2019 साली लिलावाने एका बड्या उद्योगसमूहाला दिला जातो! दोन लाखांहून अधिक झाडे त्यासाठी तुटणार होती. लोकांनी विरोध केला आणि 2021 मध्ये वृक्षतोडीला स्थगिती मिळाली. 8 मीटरचा चौकोन आणि 364 हेक्टर : दोन्ही सरकारी कागदांवरच आखलेले आहेत.

आपल्यापैकी काही साथी विचारतात, हा खाणकरी मालक की मजूर? मझगवाँ येथील राष्ट्रीय खनिज विकास महामंडळाच्या यांत्रिक खाणीतला कामगार हजेरीपटावर असतो, त्याची युनियन बांधता येते. दैवावर भरवसा ठेवून स्वतःच्या खड्ड्यात उतरणाऱ्याला संघटित कसे करावयाचे? आक्षेपात तथ्य आहे. शेजारच्या खड्ड्यातला माणूस त्याला सोबती वाटतो तसा प्रतिस्पर्धीही वाटतो. तथापि हजेरीपट नाही म्हणून आपण त्यांच्याकडे पाहिलेच नाही, ही आपली चूक आहे, आणि ती आपण कबूल केली पाहिजे. हिरा ज्याचा त्याचा वेगळा निघतो. सावकार, लिलावाचा विलंब आणि ढासळती कड मात्र सर्वांची एकच आहे.

तेव्हा काम येथून सुरू करता येईल. हिरा जमा होताच पारख्याने ठरविलेल्या किमतीचा काही अंश आगाऊ मिळावा. पट्टे देताना खोदणाऱ्यांच्या सहकारी गटांना अग्रक्रम असावा. आणि पट्ट्याच्या अर्जावर प्रत्यक्ष खोदणाऱ्या प्रत्येकाचे नाव असावे, रोजावरच्या बायांचेसुद्धा. पहिल्या दोन मागण्यांना सरकार तिजोरीचे कारण सांगेल. तिसरीला पैसा लागत नाही. म्हणून गावागावांतून सह्या गोळा करावयाच्या त्या प्रथम तिच्यासाठी.